काळ्याचा रोजा

इमामसाबला दोनच गोष्टी नीट जमत: शेळ्या राखणं आणि नसत्या चौकशा करणं. सोलापुरातल्या विणकरांच्या गल्ल्यांतून तो सकाळी घरोघरच्या पंचवीसेक शेळ्या गोळा करी, रेल्वेच्या रुळाकडेच्या माळावर चारी आणि दिवस मावळायच्या आत ज्याची त्याला पोचवी. आजवर एकही शेळी त्यानं गमावली नव्हती. त्यात निम्मा वाटा त्याच्या कुत्र्याचा, काळ्याचा. शीळ घातली की काळ्या शेळ्यांना वळसा घालून रुळापासून मागं हुसकी आणि धावत येऊन इमामसाबच्या खांद्यावरच्या फडक्यातला भाकरीचा तुकडा खाई.

१९२५ साली रमजान चैत्राच्या उन्हात आला. इमामसाबचा रोजा, म्हणजे दुपारची भाकरी बंद.

"कुत्र्यापुरती तरी न्या की," बायको मदिनाबी म्हणाली.

"नगं. बघू तर खरं, त्यो माझं ऐकतो का भाकरीचं."

चार दिवस काळ्या मुकाट पळाला. इमामसाबची छाती फुगली. पाचव्या दिवशी पळाला, पण आधी मोकळा खांदा बघून. सातव्या दिवशी अर्ध्यातून परतला. दुसरा कुणी असता तर सावध झाला असता. या गड्याला गंमत वाटत होती.

आठव्या दिवशी चंद्रव्वाची शेळी रुळावर चढली. चंद्रव्वा म्हातारी, एकटी. त्या दुधावर तिचं पोट. तिकडून मद्रासची गाडी शिट्टी देत येत होती. इमामसाबनं शीळ घातली. काळ्या बोरीखाली ढिम्म. पुन्हा घातली. त्यानं नुसती शेपटी हलवली. मग मात्र इमामसाब जिवाच्या आकांतानं धावला, शेळीचं शिंग धरून तिला ओढलं आणि दोघं उतारावरून गडगडत खाली आले. वरून गाडी धडधडत गेली.

संध्याकाळी मदिनाबी त्याच्या फुटलेल्या गुडघ्यांना हळद लावत होती.

"बेइमान हाय कुत्रं," तो कण्हला. "भाकरी न्हाय तर काम न्हाय."

"आन् तुमी? अल्ला सवाब देतो, पुन्य पदरात घालतो म्हणून रोजा धरता न्हवं? उद्या त्यानं सांगितलं, कायबी मिळायचं न्हाय, उगंच उपाशी ऱ्हावा. मग धराल?"

आपली चौकशी आपल्यावरच उलटेल असं इमामसाबला वाटलं नव्हतं, आणि त्याला लाज वाटली. अजान झाली. त्यानं पाण्याचा घोट घेऊन रोजा सोडला.

"ठाव न्हाय गं," तो शेवटी म्हणाला. "उद्या काळ्याची भाकरी बांध."