आईचे लांब दिवस

लिहावं एवढं मी काही जगलेलो नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते, एवढंच.

मंडणगडच्या स्टँडवर रत्नागिरीची एसटी लागली तेव्हा आई म्हणाली, "घड्याळाकडं बघत बसू नको. दीस सरायचा नाय." बाबा मुंबईला कामाला. माझ्यामागे घरात ती एकटीच राहणार होती.

मी नेमकं तेच केलं. वर्गात इंग्रजी डोक्यावरून जायचं आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर. एक तास म्हणजे अख्खी दुपार. मग मानसशास्त्राच्या मॅडमनी प्रयोग घेतला. डोळे मिटायचे, मिनिट झालं वाटलं की हात वर. माझा हात सगळ्यांच्या आधी, चाळिसाव्या सेकंदालाच वर गेला. "एसटी चुकतेय का रे?" मॅडम म्हणाल्या. वर्ग हसला. दुसऱ्यांदा त्यांनी मनात शंभरातून तीन-तीन वजा करायला लावले, तेव्हा मिनिट उलटून गेलं तरी माझा हात खालीच. त्या दिवसापासून मी तासाला न कळलेले शब्द वहीत टिपू लागलो आणि तास धावू लागले. मागे वळून पाहताना मात्र उलटं दिसतं. इथले तीन महिने नव्या गोष्टींनी इतके भरलेत की वर्षासारखे वाटतात. गावातली अकरावी-बारावी एका दिवसात मावते.

आईचे तीन महिने नुसतेच लांब होते. ती काजूच्या कारखान्यात गराची साल काढते. हात सवयीने चालतात, मन रिकामं. गर फुटू लागले. मुकादमबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "जनाबाय, हात हितं नि जीव रत्नांग्रीत!" दर रविवारच्या फोनवर आई हे हसत सांगायची. ती धड जेवत नाही, हे शेजारच्या काकीने कळवलं. असंच चाललं तर कॉलेज सोडून परत जायचं, असं मी ठरवलं.

त्याआधी भीतभीतच तिला म्हटलं, "ग्रेडिंगचं काम मागून घे." तिथे रंग, आकार बघून गर वेगळे करायचे, नजर हलली की चूक.

"मला शिकवतोस व्हय रे?"

"तू स्टँडवर सांगितलंस तेच इथं शिकवतात, आई."

पुढच्या रविवारी तिचा फोन आला नाही. मी केला, तर उचलला नाही. पुस्तक उघडं आणि नजर मोबाइलवर. एवढा लांब दिवस मी पहिल्या आठवड्यातही काढला नव्हता. घर म्हणजे कुणीतरी आपली वाट बघत असणं, असं मला तोवर वाटायचं. संध्याकाळी मी पिशवी भरायला घेतली.

सोमवारी सकाळी फोन वाजला. "आरं, काल ऐतवार व्हता? माल जायचा म्हणून कारखाना चालू व्हता. ग्रेडिंगला बसवलाय मला. मान वर केली तं सांज झालेली. तुजा फोन ध्यानातच नाय रायला."

"जेवलीस का?"

"पोटभर. ठेव आता, उशीर व्हतोय मला."