वाघिणीला टेकलेला माणूस

ज्याचा भाव मला ठरवता आला नाही असा जगात एकच माणूस मला भेटला, तो म्हणजे सक्करदऱ्याचे माझे थोरले साडू.

नागपूरजवळ वाडीला माझं भंगाराचं गोदाम आहे. हमालीपासून सुरुवात करून मी ते उभं केलं, हे कुणी विचारायच्या आत मी सांगून टाकतो. घासाघीस हा माझा धर्म आणि लवकर तापणं हा स्वभाव. साडू शाळेत चित्रकला शिकवायचे आणि उरलेला वेळ मालगाड्यांचे जुने फोटो भिंगाखाली धरायचे. खऱ्या, धावत्या मालगाडीचं त्यांना कौतुक नव्हतं. "ते पयते जी, नीट पाहू देत नाही," म्हणायचे. पण रद्दीतून एखादा पिवळा फोटो हाती लागला की रुळांखालचे स्लीपर, वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, दारावर खडूनं मारलेली खूण, एकेक पाहता पाहता पुढ्यातलं ताट निवून जायचं. एकदा पुतण्यासाठी मुलगी पाहायला मी त्यांना नेलं. मुलीच्या वडिलांनी तिचा स्टेशनवर काढलेला फोटो पुढे केला. साडूंनी खिशातून भिंग काढलं. आमचे पोहे संपले, मुलीच्या वडिलांना घाम फुटला, तेव्हा कुठे साडू समाधानानं म्हणाले, "मागच्या मालगाडीतली टाकी तेलाची आहे." सोयरीक जमली, पण ते व्याही माझ्याकडे अजून संशयानं पाहतात.

एका रविवारी त्यांच्या घरी टेबलावरचे फोटो चाळताना माझा हात थबकला. नागपूरचं यार्ड, ओळीनं वाघिणी, आणि एका वाघिणीला टेकलेले माझे वडील. डावा खांदा मला आठवायचा तसाच उतरलेला. ते यार्डात कामाला होते, मी लहान असतानाच गेले, आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. तो मला हवाच होता. पण गरज दाखवली की भाव चढतो, आणि माल घेण्याआधी त्याला नावं ठेवायची, हे माझ्या हाडात भिनलेलं.

"हा कचरा काहून ठेवला, साडूभाऊ?"

"कचरा नाही तो."

"काय आहे याच्यात? चार वाघिणी अन् एक कामचोर माणूस. भर दिवसा टेकून आराम करून राहिला. देऊन टाका, गोदामातलं भिंतीचं छिद्र झाकाले होईल."

कधी न चिडणारे साडू चिडले. "भंगार पाहून पाहून तुमच्या डोळ्याले गंज चढला, शेटजी. हे चाक पाहा. बाकीच्या वाघिणींच्या चाकांचे आरे साफ दिसतात, याचेच पुसट काहून? वाघीण सुटली जी, चालून राहिली. अन् हा ब्रेकच्या दांड्यावर सारं अंग टाकून तिले रोखून राहिला. पुढं रुळावर माणसं वाकून काम करतात, त्यायले पत्ता नाही. आराम म्हणता याले?"

मी माझ्या बापाला नावं ठेवली होती, आणि त्यांची बाजू घ्यायला साडू धावले होते.

"माझे वडील आहेत ते," मी म्हणालो.

साडूंचं भिंग चाकावरून हळूहळू वर सरकलं आणि चेहऱ्यावर थांबलं. तिथवर ते पूर्वी कधी गेले नसावेत.

"नाव काय त्यायचं?"

कितीतरी वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी फोटो उलटा करून मागे पेन्सिलीनं नाव लिहिलं आणि माझ्या हातात दिला.

"काय देऊ?" मी सवयीनं विचारलं.

"चूप बसा."

मग मीही तापलो. फुकट घ्यायला मी काय भिकारी आहे? आवाज चढले, तशा दोघी बहिणी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"काय झालं वं?" माझ्या बायकोनं बहिणीला विचारलं.

"काही नाही. हे देऊन राहिले, अन् तुझे घेत नाहीत."

तो राग माझा अजून गेलेला नाही. मोल न घेता कुणी कुणाला असं बांधून ठेवू नये. आता साडूही नाहीत. फोटो गोदामात माझ्या गादीमागे आहे. कधी गिऱ्हाईक नसलं की मी त्याच्यापुढे उभा राहतो आणि वाटतं, ती वाघीण वेळेत थांबली का, हे विचारायचं राहूनच गेलं. फोटोत ते दिसत नाही. पण साडूंनी कुठूनतरी शोधून सांगितलं असतं.