नळावरचं हळदकुंकू

लडकूमामा मोठ्या नळावर गस्त घालायचा. नळ म्हणजे घरातली तोटी नव्हे. माणूस आत वाकून चालेल एवढा लोखंडी पाइप, डोंगरातल्या धरणापासून शहापूरच्या रानातून थेट मुंबईपर्यंत गेलेला. पाणी उतारानंच पळायचं, इंजिन नाही की पंप नाही. चढावर आत हवा कोंडते म्हणून तिथं हवेच्या झडपा, खोलगटात गाळ बसतो म्हणून तिथं गाळ सोडायच्या झडपा. एकेका गस्तवाल्याकडं चार-चार मैल, आणि चौकीत टेलिफोन. मामा काठीचं एक टोक लोखंडाला टेकवायचा, दुसऱ्याला कान लावायचा. धड नळ नुसता घुमतो, गळका सुसू करतो, असं सांगायचा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला हा कान होता आणि त्याचा त्याला तोराही होता. असू दे. पुढं जे सांगणार आहे त्यात तोऱ्याला जागा नाही.

मामाचं घर खर्डीला. माझी आई बाईजा त्याची धाकटी बहीण, तिला दिलं होतं नळाकाठच्या पाड्यात. नळ पाड्याच्या उशाशी, पण त्यातला थेंब पाड्याचा नव्हता. विहीर आटली की बायका दोन कोसांवरच्या डोहावर जायच्या. फक्त एक सांधा पाझरत होता. त्याच्याखाली घागर लावली की तासाभरात भरायची. मामाच्या काठीनं हे त्याला केव्हाच सांगितलं होतं. गळती बारीक असली तरी खालची माती धुपते, आधार खचतो आणि एक दिवस सांधाच निखळतो, हेही त्याला ठाऊक होतं. तरी टेलिफोनवर तो रोज "सगलं ठीक" म्हणायचा. दोन उन्हाळे म्हणाला. मला अजून त्याचं कौतुक वाटतं. त्याला तसं बोलून दाखवलं की तो तोंड फिरवायचा.

एकोणीसशे अडतीसच्या वैशाखात माझ्या जन्माला सव्वा महिना झाला. आमच्यात बाळंतीण पाणवठा पुजल्याशिवाय घागर उचलत नाही. विहीर तर कोरडी ठणठणीत. कोरड्या विहिरीला कोणी हळदकुंकू वाहतं का? पाड्यातल्या म्हाताऱ्या ठमीनं निकाल दिला, पाणी जिथं, तिथंच पाणवठा. आईनं मला उराशी घेतलं, सांध्याखाली पाच खडे मांडले, नळाला फासलेल्या काळ्या डांबरावर हळदकुंकवाची बोटं ओढली, अक्षता वाहिल्या आणि घागर लावली. जे गुपचूप चालायला हवं होतं, त्याला या शहाण्यांनी कुंकू लावून ठेवलं!

नेमका त्याच सकाळी तपासणीचा साहेब मोटारीतून आला, मामाला बरोबर घेऊन. लाल रंग त्याला लांबूनच दिसला. साहेब काही वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही त्यानं.

"किती दिवस गळतंय हे?"

"आताच बघतोय साहेब."

"आणि ही बाई कोण? तुझ्या ओळखीची?"

आई उठून उभी राहिली होती. दादा आला म्हणून ती हसलीसुद्धा.

"नाय साहेब," मामा म्हणाला. "पाड्यातली कोनतरी असंल. मी नाय वळखत."

साहेबानं सांधा बुजवायला सांगितलं. मामानं छिन्नी-हातोडा घेऊन शिसं ठोकून बसवलं. घाव घालताना मान वर करायची त्याची छाती झाली नाही. घागर अर्धीच भरली होती. आईनं ती उचलली आणि मला घेऊन निघून गेली.

नोकरी वाचली. मामाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ दिवस तो पाड्यावरून जाताना मुंडासं पुढं ओढायचा. नवव्या दिवशी राहवेना, तेव्हा भर दुपारी आमच्या दारात आला. आई नव्हती. ठमी मला झोळीत हलवत होती.

"डोहावर गेलीय तुजी बहीन," ती म्हणाली.

आई आली ती दोन कोस चालून, डोक्यावर घागर घेऊन. मी भुकेनं आकांत मांडला होता. तरी तिनं आधी तांब्या भरून मामापुढं ठेवला. उन्हातून आलेल्याला आधी पाणी, ही आमच्याकडची रीत. मग मला पदराखाली घेतलं.

"बाईजा, मी साहेबाला काय बोललो, ऐकलंस तू?"

"ऐकलं."

"मंग बोल ना कायतरी. शिव्या दे."

"तुजी नोकरी ऱ्हायली ना दादा? बस झालं. पी पानी."

म्हातारपणी हे सांगताना मामा इथं थांबायचा. मला दर वेळी वाटायचं, आता म्हणेल की घोट घशाखाली उतरेना, तांब्या तसाच ठेवून उठलो. तसं झालं असतं तर त्याची थोडी तरी लाज राहिली असती.

"तहान लागलेली गो जना," तो म्हणायचा. "चार मैल चालून आलेलो. सगला तांब्या प्यालो मी. आन् अजून एक मागितला."