मराठी टाइपरायटरचा लिलाव

नवरा गेल्यावर खासबागेतला आमचा टायपिंगचा क्लास मी बंद केला. तसा तो बंद पडल्यातच जमा होता. मुलगा बेंगळुरूला. मागं तीन मराठी टाइपरायटर तेवढे उरले. एकदा भाचा आला, त्यानं त्यातल्या एकाचा फोटो काढून मोबाइलवरच्या लिलावात चढवला.

"मावशी, जुन्या वस्तूंच्या ह्या धंद्याला पुढं लई चांगलं दिवस येणार हाईत. बघच तू," तो म्हणाला.

मला धंद्यातलं काही कळत नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी निपाणीच्या एका माणसाची बोली आली आणि सोबत प्रश्न, यंत्र चालतं काय? मी उत्तर दिलं. मग रोज काहीतरी विचारणं सुरू झालं. शाईची फीत कुठं मिळते, घंटी वाजते काय, क्लासात किती मुलं यायची. लिलाव आठवडाभर चालला. त्या आठवड्यात मी चहा ठेवायच्या आधी मोबाइल बघायला लागले. दिवसभरात माझ्याशी दुसरं कुणीच बोलत नाही, हे तेव्हा ध्यानात आलं.

यंत्र त्यांनाच गेलं. पार्सलनं पाठवता आलं असतं. मी ते जुन्या चादरीत बांधलं, रिक्षावाल्याकडून बसमध्ये चढवून घेतलं आणि निपाणीला गेले.

दार उघडलं ते सत्तरीतल्या एका गृहस्थानं. तंबाखूच्या वखारीत कारकून होते, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली.

"आक्का, तुम्ही सवता आलासा व्हय?" ते गोंधळून म्हणाले.

पुढच्या खोलीत बसायला जागा नव्हती. रेडिओ, भिंतीवरची घड्याळं, शिलाई मशीन. कितीतरी खोक्यांवरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. सगळं लिलावातलं.

"ही उघडली न्हाईत?" मी विचारलं.

"उघडून काय करू? त्यातलं मला काय चालवाय येत न्हाय." मग खाली बघत म्हणाले, "बोली लावली की समोरचा माणूस चार दिवस बोलतोय. वस्तू घरात आली की संपलं."

मी टेबलावरची खोकी खाली ठेवली, यंत्र मांडलं, कागद चढवला आणि त्यांना बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं. ते मात्र एकाच बोटानं टाइप करत राहिले. बायकोचं नाव उमटवलं. मात्रा बाजूला पडली. पुन्हा उमटवलं. चार वाजता मी निघाले, तेव्हा दारापर्यंत आले.

पुढच्या आठवड्यात दुसरं यंत्र लिलावात ठेवलं. पहिली बोली निपाणीहूनच. मी ती रद्द केली आणि लिहिलं, "अण्णा, आता काही घेऊ नका. बोलावंसं वाटलं तर फोन करा." खाली नंबर दिला.

फोन आला नाही. दोन-तीन दिवसांनी बघितलं तर लिलावातलं त्यांचं खातंच दिसेना. मी त्यांच्या भल्याचं केलं असं मला वाटत होतं, पण ती न उघडलेली खोकी बघून आल्यावर बोली रद्द करून भल्या माणसाला मी शरमिंदं केलं होतं. पुन्हा निपाणीला जावं असं कितीदा तरी वाटलं. पाय निघाला नाही.

भाच्याचं म्हणणं मात्र खरं ठरतंय. उरलेली यंत्रं विकल्यावर मी दुसऱ्यांच्या घरातल्या जुन्या वस्तूही लिलावात चढवायला लागले. ज्यांची मुलं पुण्याला, बेंगळुरूला, परदेशात, अशा घरांतून मला बोलावणी येतात. म्हातारं माणूस गेलं की मुलं चार दिवसांसाठी येतात आणि म्हणतात, आक्का, एवढं सगळं काढून टाका. अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत, त्यामुळं मालाला तोटा नाही. धंदा वाढणारच.

सध्या हिंडलग्याच्या एका घराचं काम घेतलंय. सकाळी जाऊन कुलूप काढते, खिडक्या उघडते आणि एकेका वस्तूचा फोटो काढत बसते. स्वयंपाकघर झालं. आता कपड्यांचं कपाट राहिलंय.