सिद्धलिंगअप्पांचा समुद्र

सिद्धलिंगअप्पांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. समुद्रच अंबाजोगाईला त्यांच्याकडे राहायला आला.

त्यांची एकुलती लेक ईश्वरी मुंबईत संगणकाच्या कंपनीत होती. दोन हजार साली कंपनीने तिला अमेरिकेला पाठवले, तेव्हा आपल्या खोलीतली खाऱ्या पाण्याची काचेची पेटी तिने जीप करून आणली आणि अप्पांच्या बैठकीत मांडून दिली. पेटीत समुद्रातले भोकाभोकांचे दगड, दोन केशरी मासे आणि एका कपारीत हिरव्या बटणांच्या झुबक्यासारखे प्रवाळ होते. ते तिने नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवले होते.

"अप्पा, बाकी कायबी झालं तरी चालंल. एवढं हिरवं मी येईपर्यंत जगवा," ती जाताना म्हणाली.

दुकान पुतण्याच्या हाती देऊन अप्पा मोकळे झाले होते. सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन ते पूजेला बसत. हात हलायचा नाही, पापणी हलायची नाही. पूजा उरकली की पेटीसमोर येऊन बसत. बाहेर उन्हाने गल्ली पांढरी पडलेली असे, बाया टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या असत. आत मात्र निळसर उजेडात पाणी श्वास घेतल्यासारखे हले. बघता बघता भिंत विरून जाई. आपण कुठल्याशा किनाऱ्यावर बसलो आहोत आणि पाण्यापलीकडे लेक आहे, असे त्यांना वाटे. वीज गेली तरी पेटीचा पंप इन्व्हर्टरवर चाले. घरातला पंखा मात्र थांबे.

पावसाळा सरता सरता दगडांवर नवी फुले दिसू लागली. काचेसारखी नितळ, तपकिरी, लांब बारीक पाकळ्यांची. अप्पा हरखले. दारी आलेला उपाशी जाऊ नये, अशी त्यांच्या घरची रीत. हा दासोह त्यांना पूजेइतकाच मोठा. माशांना चिमूटभर खाद्य टाकले की ते फुलांच्या वाट्याची आणखी एक चिमूट टाकत.

"माशांपेक्षा तुमची पंगतच मोठी झाली," त्यांच्या पत्नी कावेरीबाई म्हणत.

"जेवू द्या की. लेकीच्या घरून आलेली हायत."

मग हिरवे प्रवाळ मिटू लागले. रविवारी ईश्वरीचा फोन आला, तेव्हा अप्पांनी आधी फुलांचेच कौतुक सांगितले.

"बोट जवळ नेलं की दगडात गपकन शिरतात का?" तिने विचारले.

"शिरतात की. लई लाजाळू."

"अप्पा, ते तण हाय. समुद्रफुलाचीच जात, पण शेजाऱ्याला डंख मारते. त्यानंच हिरवं मिटलं असंल. तुमी खाणं जास्ती टाकता का?"

रिसीव्हरला कान लावून उभ्या असलेल्या कावेरीबाई छताकडे बघू लागल्या.

"थोडं," अप्पा म्हणाले. उपाय विचारायच्या आत लाइन तुटली.

तण म्हटल्यावर अप्पांना खुरपणीच आठवली. त्यांनी दाढीच्या पात्याने एकेक फूल खरवडून काढले. काही दिवसांनी बघतात तो हरळीसारखे जिकडेतिकडे बारीक कोंब. हिरव्या झुबक्याची कडेची बटणे पांढरी पडली होती.

"खरवडलं का?" पुढच्या फोनवर ईश्वरीचा आवाज बारीक झाला. "त्याच्या प्रत्येक तुकड्याचं नवं होतं. आता खायचा चुना घट्ट कालवा. पंप बंद करा आणि इंजेक्शनच्या सुईनं त्याच्या तोंडात घाला. एका दिवशी दोन-चारच, न्हाईतर मासे मरतील. आधी खाणं दाखवा, म्हणजे ते तोंड उघडतंय."

अप्पांनी रिसीव्हर ठेवला.

कावेरीबाईंनी विड्याची चुन्याची डबी पुढे केली. "जन्मभर मला म्हणालात, चुना कमी खा. आता घ्या."

"जेवायला बोलवून मारायचं? माझ्यानं न्हाई व्हायचं."

"मग हिरव्याला मरू देता का? पोरीला काय सांगणार?"

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर अप्पांनी पंप थांबवला, खाद्याचा डबा कपाटात ठेवला आणि चुना भरलेली सुई डाव्या हातात धरून पाण्यात सोडली. फूल दगडात शिरले. अप्पा थांबले. हात हलला नाही, पापणी हलली नाही. पाणी स्थिरावले. कावेरीबाई दारात आल्या आणि पूजेच्या वेळी जावे तशा पाय न वाजवता मागे फिरल्या. किती वेळ गेला कोण जाणे. सुई म्हणजे दगडाचाच एक कंगोरा, असे वाटून फूल हळूहळू उमलले. अप्पांचे ओठ काहीतरी पुटपुटले. पांढरा चुना आत गेला आणि फूल स्वतःतच गोळा झाले.

रोज दोन-तीन, असे ते दिवाळी उलटून जाईपर्यंत चालले. एका सकाळी कपारीतले एक हिरवे बटण उघडले. दुपारपर्यंत त्याच्या शेजारचे.

अप्पांनी माशांना चिमूटभर खाद्य टाकले. सवयीने बोटे पुन्हा डब्यात गेली, दुसरी चिमूट घेऊन पाण्यावर आली. खाली हिरवे लुकलुकत होते. अप्पांनी ती चिमूट परत डब्यात सोडली आणि बोटे धोतराला पुसली.