दोन उदबत्त्यांचा इलाज

मंठा गावात आमच्या बायकोच्या थोरल्या मामांइतकं माणसांना जीव लावणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि ज्यांना पाहताच लोकांनी गल्ली बदलावी असंही दुसरं कोणी नव्हतं. कारण त्यांच्या कोपरीच्या खिशात असायचं. तपकिरीची एक पितळी डबी, आणि तिच्यात तपकिरीऐवजी केसासारख्या बारीक सुया. तरुणपणी मामा जालन्याच्या छावणीतल्या एका पलटणीबरोबर खेचरं हाकायला म्हणून गेले, ते थेट चीनला पोचले. तिथं त्यांची कंबर धरली. एका चिनी म्हाताऱ्यानं सुया टोचून ती सोडवली आणि मामांनी खेचरांना वैरण घालता घालता त्याच्याकडून ती विद्या घेतली. गावी परतल्यावर काही वर्षांनी मामी वारल्या. मूलबाळ नव्हतंच. घरात मामा आणि सुया एवढेच उरले.

मी मंठ्याच्याच शाळेत मास्तर. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला गेलो. इतर जावयांना धोतरजोडी मिळते, मला मामा म्हणाले, "जावईबापू, जीभ दाखवा." मी दाखवली. नाही म्हणायची सोय नव्हती, बायको शेजारीच उभी होती. मग झोप कशी लागते, तहान गार पाण्याची लागते का कोमट, पोट रोजच्या रोज साफ होतं का, स्वप्नं कसली पडतात, असे सवाल सुरू झाले. माझ्या सख्ख्या आईनं कधी इतकी चौकशी केली नव्हती. नंतर त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटून इतका वेळ बसले, की मला वाटलं, यांनाच झोप लागली. शेवटी म्हणाले, "डाव्या खांद्यात कळ हाय. लपवून राह्यले तुम्ही." होती खरी. फळ्यावर लिहून लिहून डावखुऱ्या माणसाचं दुसरं काय होणार?

सुई टोचण्याआधी ते सगळं बजावून सांगत. "टोचतानी मुंगी चावल्यावाणी होईल. मंग जड वाटंल. जड वाटलं का समजा, सुई बराबर लागली. हलायचं बिलकुल न्हाई." मग एक उदबत्ती पेटवायची. ती संपली की सुया काढायच्या, हा त्यांच्या उस्तादाचा कायदा. पण मामांनी त्यात आपलं एक कलम घातलं होतं. उदबत्ती लागली की ते चीनची हकिगत सुरू करायचे. तिथलं बर्फ, वाफेवरच्या भाकरी, घसरून नदीत पडलेलं खेचर. ते खेचर बाहेर निघायच्या आत उदबत्ती संपत आली, तर तिच्याच निखाऱ्यावर मामा गुपचूप दुसरी पेटवायचे. अंगात सुया असलेला माणूस उठून कुठं जाणार?

पेठेतल्या एका कापडवाल्या खाँसाहेबांचं डोकं महिनाभर ठणकत होतं. मामांनी त्यांचा पाय पुढ्यात घेतला. खाँसाहेब ओरडले, "दर्द सर में है मियाँ, पाँव कू काय कू पकड़े?" मामा शांतपणे म्हणाले, "शेताच्या टोकाला पाणी पोचत नसलं तं आपण पाट कुठं फुटला ते पाहतो न्हाई का? गप पडा." डोक्याचा ठणका थांबला. खाँसाहेबांनी गावभर तारीफ केली, पण परत काही आले नाहीत. "डोका अच्छा हो गया, मास्तर," मला म्हणाले, "मगर कान दुखने लगे." सगळ्यांचं तेच. बरं झालेलं माणूस पुन्हा त्या गल्लीत दिसायचं नाही. मामा मात्र रोज सकाळी सुया उकळत्या पाण्यातून काढून, पुसून, ओसरीवर चटई अंथरून वाट पाहत बसायचे. मीही पुष्कळदा मागल्या वाटेनं शाळेत गेलो आहे. आज त्याची लाज वाटते.

माझी बदली बिदरकडं झाली. बायको सामान घेऊन पुढं गेली. मी निघायच्या दिवशी परतूरच्या स्टेशनाला जाणारी बैलगाडी मामांच्या दारात उभी केली आणि आत गेलो. आता यांच्या चटईवर कोण येणार, हा विचार मनातून जाईना. नुसतं 'येतो' म्हणवेना. म्हणालो, "मामा, खांदा फार दुखतोय." खांद्याला काहीही झालेलं नव्हतं.

त्यांनी जीभ पाहिली, सवाल केले. मनगटावर बोटं ठेवली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवली. "डोळे मिटा. हलू नका," एवढंच म्हणाले. उदबत्तीचा वास आला. मुंगी कधी चावते याची मी वाट पाहत राहिलो. हकिगतही सुरू झाली नाही. बाहेर बैल मान हलवत होते, त्यांच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. हळूहळू सगळं अंग जड झालं, छातीसुद्धा.

"उठा जावईबापू, झालं," मामा म्हणाले. मी डोळे उघडले. डबी बंदच होती. सगळा वेळ त्यांनी माझा हात नुसता धरून ठेवला होता.

"सुया?" मी विचारलं.

"नाडीत दुखणं न्हाई तुमच्या. उगंच कशाला टोचू?" ते माझ्याकडं न पाहता म्हणाले. "जल्दी करा, गाडी चुकंल."

उदबत्तीच्या टोकाशी थोडा निखारा अजून होता. मी परत चटईवर आडवा झालो.

"मामा," म्हणालो, "ते खेचर नदीतून निघालं का? दुसरी लावा."