मार्गारेटच्या पडवीतली गांधारी

भुईगावच्या त्या आळीत दुपारी गजरे बांधायला बायका मनोरमाच्या ओट्यावर जमायच्या, आणि वाचायची मनोरमा. रीतच होती तशी. जी वाचते तिने कळीला हात लावायचा नाही. तिच्या वाट्याचे गजरे बाकीच्यांनी बांधून द्यायचे. सासूनंतर हा मान मनोरमाकडे आला आणि तिने तो असा काही मिरवला की विचारू नका. रामाची पोथी, देवीची पोथी, एकेक ओवी आळवून म्हणायची, मग अर्थ सांगायचा. अर्थ सांगता सांगता कुणाच्या सुनेला टोमणा, कुणाच्या नवऱ्याला कोपरखळी. बाकी तिचं होतं काय म्हणा? केळी-मोगऱ्याची वाडी नवऱ्याच्या नावावर, व्यवहार मुलाच्या हातात. दुपारची ती घटका तेवढी तिची.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर वाचन बंद सांगितलं. डोळ्याला पट्टी लावून ती आतल्या खोलीत पडली, तर बाहेरून आवाज. सून ऋतिका वाचत होती. विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली पोरगी, ओवी म्हणता येत नाही, म्हणून स्वतःचंच पुस्तक घेऊन बसली होती. महाभारतावरची नवी कादंबरी, गांधारीच्या तोंडून सांगितलेली. ना ओवी, ना मंगलाचरण. गांधारी सरळ बोलायलाच लागते, शेजारीण बोलावी तशी.

मनोरमाला वाटलं, दोन दिवसांत कंटाळतील. कसल्या कंटाळतायत. चहाची वेळ टळली तरी बायका हलेनात. महिन्याने काळा चष्मा लावून, पोथी काखेत मारून ती ओट्यावर आली, तर शाळेपासूनची मैत्रीण आशालता म्हणते, "मनू, एवढं पुस्तक पुरं होऊ दे गं. गांधारीला दिवस गेलेत." सगळ्याजणी हसल्या. मनोरमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या ओट्यावर उभ्या जन्मात तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

जेवताना तिने जाहीर केलं, "घरात महाभारत वाचायचं नसतं. भांडणं लागतात. उद्यापासून बंद."

"अगं, टीव्हीवर सगळं बघितलंस की तू," नवरा प्रल्हाद ताटातून मान वर न करता म्हणाला.

"बघणं वेगळं, वाचणं वेगळं."

ऋतिका "बरं, आई," एवढंच म्हणाली. या 'बरं, आई'चाच मनोरमाला जास्त राग यायचा. उलट बोलली असती तर निदान चार शब्द सुनावता आले असते.

दुसऱ्या दिवशी ती पोथी उघडून बसली, तर ओट्यावर एक माणूस फिरकलं नाही. आणि कुंपणापलीकडून, शेजारच्या मार्गारेटच्या पडवीतून ऋतिकाचा आवाज. मार्गारेटने म्हणे सांगूनच टाकलं होतं, "आमच्या घरात कुठे बंदी आहे? या इकडे. मलापण ऐकायचंय त्या बाईचं काय झालं ते." दारावर क्रूस, खाली मोगऱ्याचा ढीग, आणि मधोमध महाभारत.

मनोरमाने त्या बाजूला तोंड करायचं सोडलं. पण कानाचं काय करणार? केळींना पाणी सोडायच्या निमित्ताने ती रोज कुंपणाशी जाऊन उभी राहायची. खोटं कशाला बोला, गांधारीची गोष्ट तिला पाठ होती. तिला ऐकायचं होतं ते ऋतिका कुठे अडखळते ते. मेली अडखळतच नव्हती. छान वाचत होती. आपल्यापेक्षा छान? हे मनात आलं मात्र, मनोरमाने हातातला पाइप असा आपटला की साडी चिंब झाली.

त्याच पावली, ओल्या निऱ्यांनी, ती मार्गारेटच्या पायऱ्या चढली. मार्गारेटने सरकून जागा दिली आणि रीतीप्रमाणे पुढ्यात कळ्यांची परडी ठेवली. मनोरमाने मुकाट्याने केळीच्या सोपटाचा दोरा उचलला. बोटांची सवय गेली होती, गाठ सारखी सुटत होती.

ऋतिका वाचत होती. दोन वर्षं झाली, गांधारी अजून गरोदरच आहे. आणि वनातून निरोप येतो, कुंतीला मुलगा झाला. गांधारी स्वतःच्या पोटावर मुठी मारून घेते.

"शी, केवढी जळकी बाई," आशालता म्हणाली. "दुसरीला मूल झालं तर हिचं काय गेलं?"

"जळेल नाहीतर काय करेल?" मनोरमा बोलून गेली, आणि मग थांबलीच नाही. "पहिला मान तिचा होता. ती डोळ्याला पट्टी बांधून आत बसली आणि बाहेरच्या बाहेर दुसरीने तो नेला. वर सगळ्यांनी त्या दुसरीचंच कौतुक करायचं. हिने बिचारीने स्वतःचं पोट बडवलं. मी असते तर कुंतीच्या झिंज्या उपटल्या असत्या."

कुणाबद्दल चाललंय हे मार्गारेटच्या मांजरालाही कळलं असतं.

ऋतिकाने पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. तिचा चेहरा उतरला होता. "पण आई, कुंतीने मुद्दाम काही केलं नव्हतं. तिने काय करायला हवं होतं मग?"

मनोरमाने हातातली गाठ आवळली. "विचारायचं होतं. आतल्या खोलीत येऊन एकदा विचारायचं होतं, मी बसू का म्हणून."

ऋतिकाने पुस्तक सासूपुढे धरलं.

"नको," मनोरमा म्हणाली. "तूच वाच. तू चांगलं वाचतेस. तेच तर सहन होत नाही मला."